आठ गाथांची फाइल

१

शनिवार, १ मार्च २०१४. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. रायपूरच्या शंकर नगरमधल्या हिरालाल गजभियेंच्या घरात टीव्हीवर जी फाइल दिसायला हवी होती, ती दिसत नव्हती.

हिरालालांच्या मुलानं, यशदीपनं, रिमोटनं यादी वरून खाली नेली, मग खालून वर आणली. सिनेमे, मालिका, दीक्षाभूमीवरची भाषणं, वडिलांच्या निवृत्तीचा समारंभ, अशी चारशेच्या वर नावं होती. त्यात ‘माया लग्न २००१’ नव्हतं.

“असंल ना बाप्पा इथंच कुठं,” तो म्हणाला. “मी सोता टाकली होती.”

समोरच्या खुर्चीत हिरालालांची थोरली बहीण शारदाबाई बसली होती. वय एकोणसत्तर. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर पाटी. दोन वर्षांपूर्वी नागपूरला तिचं स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हापासून तिचं सगळं बोलणं पाटीवर. त्याआधी तीस वर्षं रायपूरपासून भिलाईपर्यंतच्या बौद्ध घरांत लग्न म्हटलं की पालीतल्या मंगल गाथा शारदाबाईच्याच. आठही गाथा तिला पाठ होत्या आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आपल्याच घरासाठी म्हणतेय. घरची कामं टाकून ती जायची, नुसतं पाणी पिऊन परत यायची. कोणी साडी पुढं केली, तर ‘पोरीला नेसव’ म्हणायची.

उद्या, रविवारी, सकाळी अकरा वाजता तिच्याच नातीचं, स्नेहलचं, लग्न होतं. स्नेहलनं एकच गोष्ट मागितली होती. गाथा आजीच्या आवाजात हव्यात.

मागणी साधी होती, पण पुरी करायला तीन महिने गेले. शारदाबाईच्या आवाजातल्या लग्नांच्या कॅसेटी घरोघरी पडल्या होत्या, आणि जी लावावी तिच्यात गाथांच्या वेळी सिनेमाचं गाणं वाजत होतं. व्हिडिओवाल्यांची ती रीतच. खरा आवाज काढायचा, वर सनई नाहीतर चालतं गाणं चिकटवायचं. हिरालालांची मुलगी चेतना हिच्या स्वतःच्या लग्नाच्या सीडीतही आत्याचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होता कुठला तरी पार्श्वगायक. शेवटी हिरालालांचे जुने सोबती श्यामराव यांच्या मुलीची, मायाची, २००१ सालची कॅसेट निघाली. रायपूरला राजधानी करून नवं राज्य होऊन चारच महिने झाले होते, व्हिडिओवाल्याला राजधानीतली कामं उरकत नव्हती. त्यानं घाईत गाणी न चिकटवताच कॅसेट दिली होती. तेव्हा श्यामराव त्याच्याशी भांडले होते. आता सगळं घर त्या आळशी माणसाला दुवा देत होतं.

ती कॅसेट फाइल होऊन याच टीव्हीखालच्या कॉम्प्युटरवर आली होती. तो चेतनानं बसवला होता. तिचा स्वतःचा जुना डबा, त्यात आठ जीबीच्या छोट्या कार्डावर कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स, आणि शेजारी एक मोठी काळी डिस्क, जिच्यात सिनेमेबिनेमे सगळं. यशदीपनं फाइल टाकली ती शारदाबाई नागपूरला तपासणीला गेली असताना. ती आल्यावर पहिल्यांदा तिनंच ऐकायची, म्हणून मधे कोणी लावली नव्हती.

शारदाबाईनं पाटीवर लिहिलं, ‘राहू दे.’

मग चेतनाची आई, अंजनाबाई, भिंतीकडे पाहत म्हणाली, “मागच्या हप्त्यात पिंकीनं याच्यातलं काहीबाही पुसलं होतं.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

२

पिंकी ही यशदीपची बायको. लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. माहेर दुर्गचं. घराणं मूळचं भंडाऱ्याचं असलं, तरी तिच्या पिढीला मराठी समजायची, बोलायची हिंदी.

चेतना आत गेली तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते नसणंच चेतनाला बोचलं.

“दीदी, मैंने डिलीट किया था. छुपाऊंगी नहीं,” पिंकी म्हणाली. “पर वो नहीं.”

“काय केलंस ते सांग. मी तुझी उलटतपासणी नाही करून राहिली.”

“कर रही हो. करो. मैं भी यही करती.”

चेतनाला हसू आलं. ती मंत्रालयाच्या संगणक शाखेत होती. नव्या रायपुरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला जाऊन तिला वर्ष झालं होतं, माहेरी येणं रविवारपुरतं. ऑफिसातही रोज कोणाची ना कोणाची फाइल हरवायची, आणि जो सगळ्यात कनिष्ठ असेल त्याच्याकडे बोट जायचं. घरात पिंकीच सगळ्यात नवी होती.

पिंकीनं सांगितलं ते असं. पंधरा-सोळा फेब्रुवारीपासून टीव्ही लावला की पडद्यावर कोपऱ्यात पट्टी यायची, जागा संपली आहे. सासूबाईंची मालिका मधेच अडकायची. तिनं यशदीपला सांगितलं, तो ‘देखता हूं’ म्हणाला आणि त्यानं पाहिलं नाही. मग तिनं जुन्या मालिकेचे चौदा भाग पुसले.

“गिनके चौदह. मम्मी को पूछके. नाम भी लिखे हैं.” फ्रिजवर चुंबकानं अडकवलेला कागद तिनं दाखवला. चौदा ओळी, समोर चौदा बरोबरच्या खुणा.

“मग पट्टी गेली?”

“नहीं ना. वही तो. आज सुबह भी आई.”

चेतना कागद हातात घेऊन थांबली. चौदा भाग म्हणजे सहज पाच-सहा जीबी. एवढं सामान बाहेर काढल्यावरही घर भरलेलंच?

“हे आधी कोणाला सांगितलंस?”

“किसी ने पूछा ही नहीं,” पिंकी म्हणाली.

३

यशदीपची जबानी अंगणात झाली. तो मंडपवाल्याला फोन लावत होता आणि फोन लागत नव्हता.

“तारीख कोणती?” चेतनानं विचारलं.

“चौदा फेब्रुवारी. ते कसं भुलणार, ताई. व्हॅलेंटाईन. पिंकीले बाहेर न्यायचं होतं, सात वाजता. साडेसहाला घरी आलो. गौतमभैयाचा पेनड्राइव्ह लॅपटॉपले लावला आणि वायफायनं इथल्या ‘घर’ फोल्डरमध्ये कॉपी लावली.”

‘घर’ हे नाव चेतनानंच दिलं होतं. काळी डिस्क लावली की तिच्यातलं सगळं त्या नावाखाली दिसायचं.

“मग?”

“मग कॉपी चालू असतानाच टीव्हीवर लावून पाहिली. दोन मिनटं. मंडपात आत्या आली, ‘सगळे बसा’ म्हणाली. पक्का तिचाच आवाज. पिंकीनंही ऐकला, तयार होता होता बाहेर आली. विचार तिले.”

“शोधायला वेळ लागला?”

“काहून लागंल? एकच तर फाइल होती. लगेच दिसली. मले वाटलं तू लिस्ट साफ केली.”

“आणि कॉपी पूर्ण झाली का पाहिलंस?”

यशदीपनं फोन कानावरून खाली घेतला. “आम्ही निघालो ना. आलो तवा लॅपटॉपची बॅटरी गेली होती. पण ताई, चालत होती म्हणजे आली होती ना?”

चेतना आत आली, कीबोर्ड जोडला आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर काळी खिडकी उघडली. घरातल्यांच्या दृष्टीनं ही पोरगी आता पांढऱ्या अक्षरांशी बोलत बसणार होती. तिनं आधी काळी डिस्क तपासली. पुसलेल्या फाइलींची खूण डिस्कवर काही काळ राहते, जशी खिळा काढल्यावर भिंतीला भोक राहतं. चौदा भोकं सापडली. पंधरावं नव्हतं. शिवाय डिस्क अर्धी रिकामी होती.

मग तिनं लिनक्सचं छोटं कार्ड पाहिलं. ते गळ्यापर्यंत भरलेलं. आठच्या आठ जीबी. पट्टी येत होती ती याची. पण त्या कार्डावरचं एकेक फोल्डर मोजून बेरीज केली, तर ती पाचच्याही आत येत होती. तीन जीबींहून जास्त जागा व्यापलेली होती, आणि ती व्यापणारं काही दिसत नव्हतं.

हिरालाल मागे येऊन उभे राहिले. “काय म्हणते?”

“बाबा, हे म्हणतेय ती फाइल पुसली नाही कोणी,” चेतना म्हणाली. “या डिस्कवर ती कधी आलीच नव्हती.”

आणि यशदीप व पिंकी, दोघांनी ती ऐकली होती.

४

साडेअकराला चेतना स्कूटी काढून ब्राह्मणपाऱ्यात गेली. गल्ली अरुंद. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला गौतमचं दुकान, जिथं कधी कॅसेटी भाड्यानं मिळायच्या आणि आता कॅसेटींच्या सीडी नि फाइली होत असत. गौतम पन्नाशीचा. कानावर चष्मा, चष्म्यावर दुसरा चष्मा.

“जय भीम ताई. लगन घर सोडून इथं?”

चेतनानं सांगितलं. त्यानं वरचा चष्मा उतरवला.

“माझ्याकडं कॉपी नाही. दहा दिवसांनी पुसतो मी, नाहीतर दुकान बसंल. पेनड्राइव्ह परत आला त्याच हप्त्यात दुसऱ्याले दिला.”

“कॅसेट?”

गौतमनं खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत ती कॅसेट, पण फीत बाहेर लोंबत होती, पांढरट बुरशीचे डाग पडलेली. “एकदाच चालली. शेवटाले आली आणि रिवाइंड करताना तुटली, दोन जागी चुरगळली. हिरालालभैयाले मी तवाच सांगतलं, आता जे आहे ते फाइलीत आहे.”

“फाइल पूर्ण होती? तुम्ही पाहिली?”

“हव. पूर्ण बसून पाहिली.” त्यानं पिशवी परत खणात ठेवली. “धंद्यात कोणी पूर्ण पाहत नाही. पण माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात शारदाबाईनंच म्हटलं होतं. आमची माय तवा अंथरुणावर होती. मंडपातलं उरकल्यावर बाई आमच्या घरी आल्या, मायच्या खाटेजवळ बसून आठही गाथा पुन्हा म्हटल्या. कोणी सांगतलं नव्हतं. माय दोन महिन्यांनी गेली.” त्यानं वही पुढं ओढली. “लिहिलं आहे पाहा. माया लग्न, चार पॉइंट दोन जीबी. चौदा तारखेले साडेपाचले नेली, पंधराले पेनड्राइव्ह परत.”

म्हणजे फाइल होती, पूर्ण होती, त्या दिवशी घरी पोचली होती. चेतनानं आकडा हातावर लिहून घेतला. ४.२.

निघताना गौतम म्हणाला, “ताई, कोणाले रागावू नका. आजच्या दिवशी कोणी मुद्दाम नाही करत.”

“मला माहीत आहे,” चेतना म्हणाली. “त्यामुळंच अवघड आहे. चोर असता तर सोपं होतं.”

५

एक वाजता ती परत आली तेव्हा घरात पाहुणे वाढले होते आणि पिंकी त्यांना जेवायला वाढत होती. तिच्या हातून वाटी घेताना एक काकू दुसरीला काहीतरी पुटपुटली. पिंकीनं ते ऐकलं आणि वरण वाढलं.

चेतना वडिलांजवळ पायरीवर बसली. हिरालाल रेल्वेत सिग्नल विभागात छत्तीस वर्षं होते. लहानमोठे अपघात झाले की चौकशीत त्यांना बसवत.

“बाबा, दोघं सांगतात फाइल चालली. डिस्क सांगते आलीच नाही. तुमच्या चौकशीत असं झालं तर काय करायचे?”

“कोणाले खोटं पाडत नव्हतो,” हिरालाल म्हणाले. “एकदा काय झालं, केबिनवाला म्हणे, दोन नंबरची लाइन खाली होती. ड्रायव्हर म्हणे, दोन नंबरवर मालगाडी उभी होती. साहेब दोघांवर चिडले. मी म्हटलं, साहेब, दोघंही खरं बोलून राहिले. यार्डात त्या वर्षी नवीन लाइन टाकली होती. केबिनवाल्याच्या कागदावर दोन नंबर एक, ड्रायव्हरच्या तोंडी दोन नंबर दुसरी. नाव एक, जागा दोन. दोन खऱ्या गोष्टी टकरल्या की समजायचं, तिसरी कोणी सांगतलीच नाही.”

नाव एक, जागा दोन.

चेतना उठली, पुन्हा बसली. यशदीपला ‘घर’मध्ये एकच फाइल दिसली. पण त्या दिवशीही डिस्कवर चारशे होत्या. चारशे जाऊन एक उरते, ती फक्त तेव्हा, जेव्हा डिस्कच जागेवर नसते. डिस्क बंद असली तरी ‘घर’ हे नाव राहतं, छोट्या कार्डावरचा रिकामा खण म्हणून. यशदीपनं फाइल त्या खणात टाकली.

पण डिस्क बंद का असेल? तिची वेगळी पिन होती, टीव्हीमागच्या बोर्डाला कायम लावलेली.

ती आईकडे गेली. अंजनाबाई पाटावर बसून उद्याच्या वंदनेच्या ताटातल्या मेणबत्त्या निवडत होती.

“आई, चौदा फेब्रुवारीला संध्याकाळी घरात काय काय झालं?”

“मले काय तारखा मालूम.”

“यशदीप-पिंकी बाहेर गेले होते. व्हॅलेंटाईन.”

“हां, ती पुनव होती. माघाची.” अंजनाबाईचा चेहरा लगेच ओळखीचा झाला. “पुनवेले आपण टीव्ही लावत नाही. मी चारलाच माळ लावली आणि विहारात गेलो. आलो तवा हे दोघं नव्हते घरी.”

चेतनानं मान हलवली. हे तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. तिच्या लहानपणापासून दर पौर्णिमेला बुद्धांच्या तसबिरीला माळ. झेंडूची, वडील बाजारातून आणायचे ती. ती वळली आणि दोन पावलं गेली.

मग थांबली. तसबीर टीव्हीच्या वरच्या भिंतीवर होती.

“आई, माळ कशाची?”

“कशाची म्हणजे? लायटिंगची. पिंकीनं दिवाळीत आणली ना. झेंडूचे हार आणायले आता बाबा जातात का? चांगली निळी-पिवळी माळ आहे, पुनवेले लावतो, दुसऱ्या दिवशी काढून ठेवतो.”

“आणि तिची पिन कुठं लावता?”

“तिथंच, मागच्या बोर्डाले. चार तर बटणं आहेत. टीव्हीची काढली की तुझे बाबा ओरडतात. म्हणून मी त्या काळ्या डबीची काढतो.”

चेतना टीव्हीमागे वाकली. बोर्डाला चार खाचा होत्या, आणि चारही भरलेल्या.

६

तीन वाजता तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. पिंकीला मुद्दाम पुढं बसवलं.

“पिंकीनं फाइल पुसली नाही,” ती सुरुवातीलाच म्हणाली, कारण ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. “पुसली असती तर डिस्कवर खूण राहिली असती. तिनं सांगितलेले चौदा भाग तेवढे पुसलेत, एकही जास्त नाही. उलट तिच्यामुळंच कळलं. एवढं पुसूनही जागा का होत नाही, हा प्रश्न या घरात तिलाच पडला होता.”

चेतनानं पुढं सांगितलं.

“चौदा तारखेला यशदीपसाठी व्हॅलेंटाईन होता, आईसाठी पुनव. दोघं एकाच दिवसाबद्दल बोलत होते, पण एकमेकांचा दिवस दोघांनाही माहीत नव्हता. आईनं माळ लावायला डिस्कची पिन काढली. संध्याकाळी यशदीपनं फाइल टाकली. डिस्क नव्हती, म्हणून ती खालच्या छोट्या कार्डावर पडली, आणि तिथून चाललीही. रात्री बाबांनी सवयीनं बोर्डाची सगळी बटणं बंद केली. सकाळी आईनं माळ काढून डिस्कची पिन परत लावली. कॉम्प्युटर सुरू झाला, डिस्क त्याच नावावर येऊन बसली. आणि फाइल तिच्याखाली गेली.”

“सतरंजीखाली गेली म्हण ना,” अंजनाबाई म्हणाली.

“हो. वर सतरंजी अंथरली, खालची वस्तू दिसत नाही. पण ती जमिनीवर आहेच. म्हणून कार्ड भरलेलं आणि सामान दिसत नाही.”

“म्हणजे आहे?” यशदीपनं विचारलं.

चेतनानं दोन ओळींचा हुकूम लिहून डिस्क त्या नावावरून उतरवली. पडद्यावरची चारशे नावं गेली. क्षणभर यादी कोरी राहिली. मग एकच ओळ उगवली.

माया लग्न २००१.

हिरालालांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत राहिले. यशदीप उठून पिंकीजवळ जाऊन बसला. अंजनाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, “पिंके, तू बस. चहा मी ठेवतो.” स्वयंपाकघराच्या दारात थांबून, पाहुण्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती पुढं बोलली, “मी बिनासमजता बोललो सकाळी. हिचं चुकलं नव्हतं.”

“मम्मी, अदरक डालना,” पिंकी म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिचे डोळे भरले.

चेतनानं फाइल आत्याला ऐकवायच्या आधी एकदा तिचं वजन पाहिलं. मग तळहातावरचा आकडा पाहिला.

हातावर ४.२ होते. पडद्यावर ३.१.

७

कार्डात तेवढीच जागा होती. ती भरली तिथं कॉपी तुटली, आणि त्या वेळी यशदीप आणि पिंकी तेलीबांध्याच्या तळ्याकाठी आइस्क्रीम खात होते. चेतनानं हे आत्याला लपवलं नाही. आत्याची परीक्षेच्या दिवसांतली सवय तिला ठाऊक होती. बारावीला ती आत्याकडे राहिली होती, तेव्हा रोज पहाटे चहा देताना आत्या म्हणायची, जेवढं झालं तेवढं सांग, उरलेलं पाहू.

“अपुरी आहे, आत्या. कुठपर्यंत आहे ते लावल्यावर कळेल.”

शारदाबाईनं हातानं खूण केली, लाव.

मंडप, लाल खुर्च्या, तरुण श्यामराव, लाजणारी माया. घाईघाईत हलणारा कॅमेरा. आणि मग पांढऱ्या साडीतली एक बाई माइकसमोर आली, माइक बाजूला सारला आणि म्हणायला लागली.

मंत्रालयातल्या सर्व्हरच्या खोलीत चेतनानं बऱ्याच हरवलेल्या गोष्टी परत आणल्या होत्या. त्या आल्या की लोक ‘थँक यू मॅडम’ म्हणून जायचे. इथं तिलाच कोणाचे तरी आभार मानायचे होते आणि नावं फार होती. आळशी व्हिडिओवाला, भांडूनही कॅसेट जपणारे श्यामराव, दोन चष्म्यांचा गौतम, चौदा ओळी लिहून ठेवणारी पिंकी. सगळ्यांत आधी ती बाई, जी आता आपलाच आवाज ऐकत ताठ बसली होती. तिची बोटं मांडीवर ताल धरत होती.

पहिली गाथा. दुसरी. पाचवी. सहावी पूर्ण झाली, मंडपातल्या लोकांनी फुलं टाकली, पडद्यावरच्या शारदाबाईनं श्वास घेतला आणि चित्र थिजलं.

सहा होत्या. दोन नव्हत्या.

त्या शांततेत कोणीतरी हलक्या आवाजात पुढची चाल गुणगुणली. शब्द नव्हते, नुसती चाल, पण सूर जिथून सुटला होता तिथूनच उचललेला. चार-पाच सेकंद. मग ती स्वतःच दचकून थांबली. पिंकी होती.

“सॉरी,” ती म्हणाली. “छह बार वही धुन सुनी तो अपने आप...”

हिरालाल फोन लावत होते. सातवी-आठवी विहारातले भंतेजी म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. तसं रोजच्या लग्नात होतंच. गौतमलाही फोन झाला. तो म्हणाला, तुटलेली फीत अजून पिशवीत आहे, शेवटचा भाग आतल्या गुंडाळीत असतो, तिथं बुरशी कमी आहे. जोडून पाहतो. चालली तर सांगतो. खात्री देत नाही.

शारदाबाईनं पाटी पुसली, बराच वेळ लिहिलं आणि ती पिंकीसमोर धरली. पिंकीला मराठी वाचता येत होतं, हळूहळू. तिनं वाचलं आणि सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“मैं? आत्याजी, मेरा तो ळ भी नहीं निकलता. सब हंसेंगे.”

“हसतील तर हसतील,” अंजनाबाई चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. “मी पहिल्यांदा वंदना म्हटली तवा हेच हसले होते.”

“मी नव्हतो हसलो,” हिरालाल म्हणाले.

“तुम्हीच.”

पाच वाजता मागच्या खोलीचं दार लोटलं गेलं. पिंकी खाली चटईवर, शारदाबाई खाटेवर, मधे गाथांची छापील पुस्तिका. चेतना दाराशी बसली होती, कारण पिंकीनं ‘दीदी, आप रहो’ म्हटलं होतं. पिंकी एकेक शब्द म्हणायची. चुकला की शारदाबाई बोटानं खाटेची कड वाजवायची, एकदा. ळ आला की ती स्वतःची जीभ टाळूला कशी लागते ते तोंड उघडून दाखवायची. आवाज नसलेलं तोंड, पण जिभेला सगळं आठवत होतं. पिंकी ते पाहून तसंच करायची. दोनदा दोघी हसल्या. शारदाबाईच्या हसण्याला नुसता श्वास होता.

साडेसहाला स्नेहल मेंदीचे हात सावरत आली, दाराबाहेर उभी राहून ऐकत राहिली, आणि आत न जाता गेली.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी सातव्या गाथेच्या दोन ओळी पिंकीला बिनचूक आल्या होत्या. तिसरीवर शारदाबाईनं तिला पाचव्यांदा थांबवलं होतं. आठवी अजून उघडलेली नव्हती. ब्राह्मणपाऱ्यातून फोन आलेला नव्हता.